गाडी भाड्याने घेताना लागणारे छुपे आणि जादा शुल्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई, गणपती, मे महिन्याची सुट्टी किंवा घरातील वडीलधाऱ्यांना रुग्णालयात नेणे, अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने मुंबईकर गाडी भाड्याने घेतो आणि फोनवर ठरलेल्या रकमेपेक्षा बिल बरेच मोठे निघाल्यावर चक्रावतो. हे जादाचे पैसे प्रत्येक वेळी लबाडीनेच लावलेले असतात असे म्हणता येणार नाही. ‘दिवस’, ‘किलोमीटर’, ‘फुल इन्शुरन्स’ अशा साध्या वाटणाऱ्या शब्दांचा अर्थ गाडीवाल्याच्या मनात एक असतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात दुसरा, आणि बिल मात्र गाडीवाल्याच्या अर्थाने तयार होते. पुढील प्रश्नोत्तरांत ड्रायव्हरसह मिळणारी गाडी आणि स्वतः चालवायची गाडी, असे दोन्ही प्रकार घेतले आहेत. उदाहरणांतील भाड्याचे दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत.

‘८ तास ८० किलोमीटर’ या पॅकेजमध्ये नेमके काय मिळते?

शहरातल्या शहरात दिवसभरासाठी गाडी घेतली की बहुतेक ट्रॅव्हल एजन्सी हेच पॅकेज सांगतात. अर्ध्या दिवसासाठी ‘४ तास ४० किलोमीटर’ असा त्याचा धाकटा भाऊ असतो. यात भाडे, इंधन आणि ड्रायव्हर धरलेला असतो. टोल, पार्किंग आणि जीएसटी सहसा धरलेला नसतो. ८ तास किंवा ८० किलोमीटर यांपैकी एकही मर्यादा ओलांडली की जादा आकार सुरू होतो, आणि काही ठिकाणी दोन्ही ओलांडल्यास दोन्हींचा आकार लावतात. यांपैकी जे अधिक असेल तेवढेच घेण्याची पद्धतही आहे, म्हणून आपल्याकडे कोणती पद्धत लागू आहे हे आधीच विचारावे.

मोठा फरक मात्र वेगळ्याच एका मुद्द्याने पडतो, आणि तो म्हणजे घड्याळ व किलोमीटर कुठून मोजायचे. या धंद्यात ‘गॅरेज टू गॅरेज’ ही पद्धत सर्रास आहे. गाडी तिच्या गॅरेजातून निघाली की मोजणी सुरू होते आणि गॅरेजात परतली की थांबते. समजा, आपण दादरला राहता आणि एजन्सीचे गॅरेज मीरा रोडला आहे. आपण सकाळी ८ वाजता गाडीत बसलात, दुपारी साडेचारला घरी उतरलात आणि ७० किलोमीटर फिरलात. आपल्या हिशेबाने वेळ अर्धा तासच वाढला. गाडी मात्र ७ वाजता गॅरेजातून निघाली, संध्याकाळच्या गर्दीतून ६ वाजता परत पोहोचली, आणि येण्याजाण्याचे मिळून आणखी ६० किलोमीटर पडले. आता बिलावर ११ तास आणि १३० किलोमीटर येतात. पॅकेज २४०० रुपये, जादा किलोमीटर १५ रुपये आणि जादा तास १५० रुपये धरला, तर ५० किलोमीटरचे ७५० आणि ३ तासांचे ४५० मिळून एकूण ३६०० रुपये होतात. आपल्या दारातून मोजणी झाली असती आणि अर्ध्या तासाचा पूर्ण तास धरला असता, तरी २५५० रुपयांत भागले असते.

या पद्धतीत बेकायदा असे काही नाही, कारण रिकाम्या गाडीलाही इंधन लागतेच. परंतु गॅरेज कुठे आहे हा प्रश्न बुकिंगच्या फोनवर क्वचितच कोणी विचारतो, आणि तोच भाड्याच्या दराइतका महत्त्वाचा आहे. किलोमीटरमागे दोन रुपये कमी सांगणाऱ्या लांबच्या एजन्सीपेक्षा आपल्याच उपनगरातील गाडीवाला बहुधा स्वस्त पडतो. आपल्याला ‘पिकअप टू ड्रॉप’ मोजणी हवी असल्यास तसे बुकिंगच्या संदेशात लिहून घ्यावे.

ड्यूटी स्लिपवर सही करताना काय पाहावे?

ड्रायव्हर दिवसाच्या शेवटी जो कागद किंवा मोबाइलचा पडदा सहीसाठी पुढे करतो ती ड्यूटी स्लिप, आणि बिल तिच्यावरूनच बनते. तिच्यात सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, तसेच सुरुवातीची आणि शेवटची वेळ असे चार आकडे असतात. गाडीत बसताना आणि उतरताना मीटरचा एकेक फोटो काढावा. त्यात वेळ आपोआप नोंदली जाते. गॅरेज टू गॅरेज पद्धत असली तरी आपण उतरलो तेव्हाचा आकडा स्लिपवर लिहून घेता येतो, म्हणजे परतीचे अंतर वाजवी धरले आहे की नाही हे नंतर तपासता येते.

शेवटचे रकाने कोरे असलेल्या स्लिपवर सही करू नये. आमच्या घरच्या एका लग्नात वऱ्हाड उतरवण्याच्या गडबडीत मी तीन गाड्यांच्या कोऱ्या स्लिपांवर सह्या केल्या होत्या आणि आठवड्याने तिन्ही बिले रात्री दीडपर्यंतच्या वेळेची आली. कार्यालय आम्ही साडेदहालाच सोडले होते. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते, सही मात्र माझीच होती.

बाहेरगावी दोनशे किलोमीटर फिरलो, तरी नऊशे किलोमीटरचे पैसे का मागतात?

बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे बंधन असते. त्याहून कमी फिरलात तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. ‘दिवस’ या शब्दाचा अर्थ मात्र अनेकांना बिल हातात पडल्यावर कळतो. बहुतांश एजन्सी दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असा धरतात, म्हणजेच रात्री १० वाजता निघालेल्या गाडीचा पहिला दिवस दोनच तासांत संपतो.

दादरहून अलिबागला शुक्रवारी रात्री १० वाजता निघून रविवारी संध्याकाळी परत येण्याचा बेत घ्या. जाणे-येणे आणि तेथील फिरणे मिळून साधारण २४० किलोमीटर होतात. कॅलेंडरचे दिवस मात्र तीन भरतात, म्हणून किमान अंतर ९०० किलोमीटर, आणि १४ रुपये दराने १२,६०० रुपये. तीच गाडी शनिवारी पहाटे ५ वाजता बोलावली तर दिवस दोन, किमान अंतर ६०० किलोमीटर आणि भाडे ८४०० रुपये होते. शुक्रवारचे ते दोन तास ४२०० रुपयांना पडतात, शिवाय ड्रायव्हरचा एका दिवसाचा भत्ता वेगळा. काही एजन्सी दिवस २४ तासांचा धरतात. तशी एजन्सी मिळाल्यास हा फरक उरत नाही, परंतु तसे त्यांनी लिहून दिलेले असावे. अलिबागइतक्या जवळच्या गावासाठी जाण्याचा आणि येण्याचा ‘ड्रॉप’ स्वतंत्रपणे ठरवून पाहावा, कारण गाडी रिकामी परतण्याचा आकार धरूनही तो कधी कधी स्वस्त पडतो.

ड्रायव्हर भत्ता, नाइट चार्ज आणि नाइट हॉल्ट यांत फरक काय?

ड्रायव्हर भत्ता हा बाहेरगावी ड्रायव्हरच्या जेवणाखाण्याचा दररोजचा ठरीव आकार असतो. नाइट चार्ज ठरावीक वेळेनंतर गाडी चालवल्यास लागतो. ही वेळ कुणाची रात्री १० ची, तर कुणाची ११ ची असते. ड्रायव्हर बाहेरगावी मुक्काम करतो त्याचा आकार म्हणजे नाइट हॉल्ट. भत्त्यात मुक्काम धरलेला असूनही नाइट हॉल्टचा रकाना वेगळा भरलेला आढळतो, आणि अशा वेळी एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जातात. हा पैसा ड्रायव्हरच्या हाती रोख द्यायचा की बिलातून, हेही आधी ठरवावे. वाटेत ड्रायव्हरला दिलेले पैसे बिलात पुन्हा दिसण्याचा प्रकार नेहमीचा आहे, आणि त्यात अनेकदा ड्रायव्हरचा दोष नसतो, कारण मालकापर्यंत ते पैसे पोहोचल्याची नोंदच झालेली नसते.

टोलचा हिशेब कसा तपासावा?

मुंबईत हा तपास सोपा झाला आहे, कारण दर जाहीर असतात. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन, अशा मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटार वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ आहे. त्यानंतरच्या बिलात ‘वाशी टोल’ किंवा ‘दहिसर टोल’ असा रकाना छोट्या गाडीसाठी दिसला तर तो थेट वगळायला सांगावा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मोटारीला १ एप्रिल २०२४ पासून एका फेरीस १०० रुपये लागू झाले. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर मोटारीचा एकेरी टोल २५० आणि परतीसह ३७५ रुपये ठरला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोटारीला एका फेरीचे ३२० रुपये लागू झाले. सागरी किनारा मार्गावर टोल नाही. टेम्पो ट्रॅव्हलर घेतल्यास तिचा वर्ग वेगळा पडतो आणि टोल मोटारीपेक्षा जास्त लागतो.

टोल फास्टॅगमधून कापला जातो आणि त्याचा संदेश गाडीमालकाच्या मोबाइलवर जातो, आपल्या नाही. त्यामुळे गोळाबेरीज रक्कम मान्य करण्याऐवजी त्या तारखांचा फास्टॅगचा तपशील मागवावा. तो मालकाला दोन मिनिटांत काढून देता येतो. फास्टॅगमध्ये पैसे नव्हते म्हणून नाक्यावर दुप्पट टोल भरावा लागला, असे सांगून तो आपल्या माथी मारला जात असेल तर तो नाकारावा, कारण टॅग चालू ठेवणे हे मालकाचे काम आहे.

गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य शासन गेली काही वर्षे टोलमाफीचे पास देत आले आहे. भाड्याच्या गाडीसाठी असा पास काढला असेल तर तो लागू असलेल्या मार्गाचा टोल बिलात येता कामा नये. मात्र पास असूनही फास्टॅगमधून रक्कम कापली गेल्याचे मालकाने तपशिलासह दाखवले, तर वाद त्याच्याशी घालून उपयोग नाही.

दुसऱ्या राज्यात जाताना ‘स्टेट टॅक्स’ द्यावा लागतो का?

गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना असल्यास त्याचे शुल्क मालकाने एकत्रित भरलेले असते. अशा गाडीसाठी सीमेवर वेगळा कर भरल्याचे कोणी सांगितले तर पावती मागावी. पावती नसेल तर रक्कम देऊ नये.

बिलावर जीएसटी किती असावा?

ड्रायव्हर आणि इंधनासह गाडी देणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला ५ टक्के दराचा पर्याय आहे. दुसऱ्या, जास्त दराच्या पर्यायात कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के झाला. स्वतः चालवायच्या गाडीचा हिशेब वेगळा असून तेथे दर गाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणून जाहिरातीतील भाडे ‘करांसहित’ आहे की ‘कर वेगळे’, एवढे विचारणे पुरेसे आहे.

नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करण्याचा अधिकारच नाही. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे, महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. क्रमांक न देता कराचा रकाना भरलेला असेल, तर ती रक्कम कर या नावाने घेतलेले जादा भाडे आहे.

स्वतः चालवायच्या गाडीची अनामत रक्कम परत मिळताना कोणत्या कपाती होतात?

ओरखडे आणि पोचे, उशीर, कमी भरलेले इंधन, टोल, ई-चलान आणि सफाई, अशी नेहमीची कारणे असतात. सफाईच्या नावाखाली सिगारेटचा वास, पाळीव प्राण्याचे केस आणि समुद्रकिनाऱ्यावरची वाळू येते. काही कंपन्या गाडीतील जीपीएसवरून वेग पाहतात आणि करारात ठरवलेली वेगमर्यादा ओलांडल्यास दंड लावतात. हा दंड कंपनीचा असतो आणि पोलिसांचा दंड झाल्यास तो वेगळा.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, पुढची काच, बंपरखालचा भाग, स्टेपनी आणि आतील आसने यांचा सलग व्हिडिओ घ्यावा, परत देतानाही तसाच घ्यावा. इमारतीच्या तळघरातील अंधाऱ्या पार्किंगमध्ये रात्री गाडी ताब्यात मिळते तेव्हा ओरखडे दिसत नाहीत. शक्य तर गाडी उजेडात आणून मग व्हिडिओ घ्यावा. गाडी परत देताना कोणी हजर नसेल आणि किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवायला सांगितले असेल, तर हा व्हिडिओच आपला साक्षीदार असतो.

अनामत केव्हा परत मिळणार याची मुदत लेखी घ्यावी. टोल आणि चलानाच्या नोंदी उशिरा येतात हे खरे, परंतु त्यासाठी संपूर्ण रक्कम अनिश्चित काळ अडकवून ठेवण्याचे कारण नाही.

‘फुल इन्शुरन्स’ आहे असे सांगतात, मग नुकसानीचे पैसे माझ्याकडून का?

विमा गाडीमालकाचा असतो आणि त्याचा दावाही मालकच करतो. आपल्याला मिळते ते एवढेच आश्वासन की ठरावीक रकमेपुढील नुकसान आपल्याकडून घेतले जाणार नाही. ती ठरावीक रक्कम किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. टायर, काचा, गाडीचा खालचा भाग आणि हरवलेली किल्ली ही त्या संरक्षणातून बऱ्याचदा वगळलेली असतात, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर सर्वांत आधी मार बसतो तो टायर आणि खालच्या भागालाच. बुकिंगच्या वेळी जादा पैसे घेऊन दिले जाणारे ‘प्रोटेक्शन’ ही ती रक्कम कमी करण्याची सोय असते, म्हणून त्यात हे भाग येतात का ते वाचूनच घ्यावे.

पावसाळ्यात आणखी एक जोखीम असते. हिंदमाता, अंधेरी सबवे किंवा मिलन सबवे येथे पाणी भरलेले असताना गाडी त्यात घातली, ती बंद पडली आणि आपण पुन्हा किल्ली फिरवली, तर इंजिनात पाणी ओढले जाऊन आतील भाग वाकतात. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन संरक्षणाची पुरवणी असेल तरच ते भरून मिळते, आणि इंजिनाची दुरुस्ती अनामत रकमेच्या अनेक पट जाऊ शकते. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू न करता तशीच ढकलून बाजूला घ्यावी, फोटो काढावेत आणि कंपनीला ताबडतोब कळवून टोइंगची वाट पाहावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी घेणार असाल तर पुरवणीचा प्रश्न बुकिंगपूर्वीच विचारावा.

नंबरप्लेटच्या रंगाचा खर्चाशी काय संबंध?

संबंध थेट आहे. ‘रेंट-अ-कॅब योजना, १९८९’ खाली परवाना घेतलेल्या, स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, तर ड्रायव्हरसह धावणाऱ्या व्यावसायिक गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते खरी, परंतु खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि मग भरपाई कोणी करायची यावरून मालक आपल्या मागे लागतो. वाचलेले हजार-पाचशे रुपये या जोखमीपुढे काहीच नाहीत.

इंधनात पैसे कसे जातात?

‘जेवढे मिळाले तेवढे परत’ या अटीत काट्याचा फोटो काढणे पुरेसे असते. गाडी टाकी भरून घेतली आणि कमी भरून दिली, तर कंपनी पंपावरच्या दराहून अधिक दराने फरक लावते किंवा भरण्याचा वेगळा आकार घेते. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलचा काटाही पाहावा. सीएनजीच्या रांगेत थांबण्याचा कंटाळा करून पेट्रोलवर गाडी चालवलेली असते आणि तो फरक अनामत रकमेतून वजा होतो.

मी केलेल्या नियमभंगाचे चलान कोण भरते, आणि त्यावर ‘प्रोसेसिंग फी’ योग्य आहे का?

दंड आपणच भरायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाच्या अतिवेगाला १००० ते २००० रुपये दंड आहे. द्रुतगती मार्गावर कॅमेरे असून तेथे मोटारीची वेगमर्यादा सपाट भागात ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटर आहे. घाट उतरताना अनेकांना चलान बसते ते याच फरकामुळे. कंपनीने करारात जाहीर केलेला माफक हाताळणी आकार मान्य करावा. चलानाची प्रत न दाखवता केलेली कपात मात्र मान्य करू नये. गाडीच्या क्रमांकावरून ई-चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्यावरील तारीख व वेळ आपल्या ताब्याच्या काळातील आहे की नाही हे लगेच कळते.

उशिरा परत दिल्याबद्दल तिप्पट दंड लावला. तो द्यावाच लागतो का?

करारात लिहिले आहे म्हणून कुठलाही दंड वसूल होतोच असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही नुकसानीच्या तुलनेत अवाजवी दंड आणि उघडपणे जास्त अनामत रक्कम यांचा समावेश ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत केलेला आहे. तथापि, आपल्या उशिरामुळे पुढच्या गिऱ्हाइकाचे बुकिंग खरोखरच बुडाले असेल तर मोठी भरपाईही वाजवी ठरू शकते. वरळीला किंवा घोडबंदरला अडकल्यास परतीची वेळ उलटण्यापूर्वीच ॲपवरून मुदत वाढवून घ्यावी. वाढीव मुदतीचा दर उशिराच्या दंडापेक्षा सहसा बराच कमी असतो.

ॲपवर आधी एक किंमत दिसते आणि पैसे भरताना ती वाढते. याविरुद्ध काही नियम आहे का?

आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या मांडणींना मनाई केली आहे. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि न विचारता जादा सेवा बिलात टाकणे हे दोन्ही प्रकार त्यांत येतात. ‘प्रोटेक्शन’ किंवा ‘घरपोच गाडी’ यांवर आधीच खूण केलेली आढळल्यास ती काढावी आणि पहिल्या व शेवटच्या पडद्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

एजन्सी ऐकत नसेल तर तक्रार कुठे करावी?

प्रथम एजन्सीला ईमेलने लेखी तक्रार करून उत्तरासाठी मुदत द्यावी. तोंडी भांडणाचा पुढे पुरावा राहत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर रक्कम परत करतात. तेही न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रार आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय दिल्ली किंवा बंगळूरुला असले तरी मुंबई सोडावी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. कागदपत्रे कशी लावावीत याबाबत १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शन मागता येते. जाताना बुकिंगचा संदेश, ड्यूटी स्लिप, मीटरचे फोटो आणि फास्टॅगचा तपशील तारखेच्या क्रमाने लावून न्यावा.